नरारा : ओहोटीला पायी चालत पाहायचे प्रवाळ

प्रवाळ पाहायचे तर अंदमान किंवा लक्षद्वीप गाठायला हवं, पोहता यायला हवं, स्कूबाची टाकी पाठीवर घ्यायला हवी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर, जामनगरपासून साधारण ६० किलोमीटरवर वाडीनारजवळ नरारा नावाची जागा आहे. तिथे यातलं काहीही लागत नाही. ओहोटीला समुद्र इतका मागे हटतो की एरवी पाण्याखाली असलेलं प्रवाळांचं पठार उघडं पडतं. मग घोट्याएवढ्या, कुठे गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत जाऊन जिवंत प्रवाळ, ऑक्टोपस, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), तारामासे बघता येतात. पोहता न येणाऱ्या माणसाला जिवंत प्रवाळ इतक्या जवळून दिसावेत, अशा जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत.

नरारा हा कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर ओखा ते जोडिया या पट्ट्यात १९८० साली सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्या गाभ्याच्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. एकूण क्षेत्र ४५७.९२ चौरस किलोमीटर, त्यापैकी राष्ट्रीय उद्यान १६२.८९ चौरस किलोमीटर, आणि त्यात लहानमोठी ४२ बेटं. एकेकाळी याच किनाऱ्यावरून सिमेंटसाठी प्रवाळयुक्त वाळू उपसली जायची. आज पलीकडे तेल शुद्धीकरणाचे प्रचंड कारखाने आहेत, समुद्रात तेलवाहू जहाजं उभी असतात, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात हे प्रवाळ जगत आहेत.

निघण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ओहोटी ही आपल्यासाठी सोयीची वेळ असली तरी प्रवाळांसाठी ती दिवसातली सर्वांत कठीण वेळ असते. अंगावरचं पाणी गेलेलं असतं, वरून ऊन लागत असतं, आणि तग धरण्यासाठी ते अंगावर चिकट द्रवाचा थर सोडून बसलेले असतात. आपण नेमके त्याच वेळी, बूट घालून, त्यांच्यामध्ये जातो. त्यामुळे नराराच्या सहलीत दोन गोष्टी जपायच्या : समुद्राची वेळ आणि आपलं पाऊल. पुढचं सगळं याच दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

बहुतेक लोक आधी सुट्टी बघतात, तिकीट काढतात आणि तिथे पोचल्यावर ओहोटी किती वाजता आहे ते विचारतात. नराराला हे उलटं करावं लागतं. ओहोटी रोज असते, दिवसातून दोनदा असते, पण प्रत्येक ओहोटीला प्रवाळ उघडे पडत नाहीत.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. नराराला उधाणाचीच ओहोटी हवी. आखात निमुळतं होत गेल्यामुळे इथे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षाही मोठा असतो. उधाणाला तो सहज साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो.

वेळेचा अंदाज घरच्या कालनिर्णयवरून बांधता येतो. तिथीची पाऊणपट केली की कोकण किनाऱ्यावरच्या भरतीची साधारण वेळ मिळते, हा आपला जुना हिशेब. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. भरतीच्या सहा-सव्वासहा तास आधी ओहोटी. कच्छच्या आखातात पाणी तोंडाकडून आत शिरत जातं, म्हणून वाडीनारच्या बाजूला भरती साधारण तासभर उशिरा पोचते. म्हणजे द्वितीयेला सकाळची ओहोटी सव्वाआठच्या सुमारास, तृतीयेला नऊच्या, चतुर्थीला पावणेदहाच्या. हा झाला अंदाज. तारीख नक्की करताना इंटरनेटवर सिक्का किंवा वाडीनार बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा आणि त्यातलीच वेळ धरा.

त्या कोष्टकात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते. तिच्याकडे लोक बघत नाहीत, पण खरी गोष्ट तिथेच आहे. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या आत असेल तर दिवस चांगला. जितका शून्याकडे तितका उत्तम. दीड-दोन मीटर दिसला तर ती तारीख सोडून द्या. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, म्हणून सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगवेगळा तपासा.

फसगत होते ती अष्टमी-नवमीला. त्या दिवसांत ओहोटी दुपारच्या सुमाराला येते. निवांत नाश्ता करून निघावं, अकरा-बाराला पोचावं, सगळं सोयीचं वाटतं. पण तो भांगाचा काळ असतो. पाणी पठारावरून पुरतं उतरतच नाही, आणि मग चिखल व गुडघाभर गढूळ पाणी पाहून लोक परत येतात आणि तिथे काही नाही असं सांगत सुटतात.

माझ्या मते सर्वांत चांगले दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते चतुर्थी. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकून असतो आणि ओहोटी सकाळी उजाडल्यावर मिळते. ऐन पौर्णिमेला ती पहाटे साडेसहा-सातला येते, आणि डिसेंबर-जानेवारीत जामनगरकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. अंधारात प्रवाळांवर चालणं त्यांच्याही हिताचं नाही आणि आपल्याही. द्वादशी-त्रयोदशीला दुपारी चार-पाचची ओहोटी मिळते, पण परत फिरताना एकीकडे पाणी चढत असतं आणि दुसरीकडे दिवस बुडत असतो. पर्याय असेल तर ती टाळा.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात जायचा विचारच करू नका. एप्रिल-मेमध्ये पठारावर सावलीचा मागमूस नसतो, आणि तापलेल्या उथळ पाण्यात तिथल्या जिवांवर आधीच ताण असतो. थंडीत गेलात तर किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी हा वेगळा लाभ.

शक्य असेल तर सलग दोन सकाळी हाताशी ठेवा. दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशी उशीर झाला, ढग आले, वारा सुटला तरी संधी जात नाही. शिवाय पहिल्या दिवशी नजर तयार होते आणि दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं.

पोचायचं कसं आणि परवानगी

मुंबईहून सौराष्ट्र मेल रात्री निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जामनगरला सोडते. पुढे ती ओख्याला जाते. अहमदाबादपर्यंत एका गाडीने येऊन तिथून जामनगरची गाडी पकडणंही सोपं आहे. जामनगरला विमानतळ आहे, पण फेऱ्या मोजक्या असतात.

मुक्काम जामनगरलाच करा. तिथून द्वारकेच्या रस्त्याने वाडीनार फाट्याला वळायचं आणि पुढे नराराच्या वन खात्याच्या नाक्यापर्यंत जायचं. गाडीने तास-सव्वा तास धरा. एसटी वाडीनारपर्यंत मिळते, पण तिच्या वेळा आणि समुद्राच्या वेळा जुळतीलच असं नाही. चार-पाच जण मिळून गाडी ठरवलीत तर माणशी खर्च फार होत नाही. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच बजावून ठेवा की पहाटे अर्धा तास उशीर चालणार नाही.

नाक्यावर ओळखपत्र दाखवून नोंद करायची, प्रवेश फी आणि कॅमेऱ्याची फी भरायची. फीचे दर बदलत राहतात. जामनगरमध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानाचं कार्यालय आहे, तिथे आदल्या दिवशी विचारून घेतलंत तर प्रवेश सुरू आहे की नाही हेही कळतं. गट मोठा असेल किंवा शाळेची सहल असेल तर आधी कळवणं भागच आहे. सोबत रोख सुटे पैसे ठेवा.

गाइड घ्याच. हे गाइड आसपासच्या गावांतले असतात. कुठल्या चिखलात पाय रुततो, पाणी आधी कुठल्या चरातून परत येतं, काल ऑक्टोपस कुठल्या खळग्यात होता, हे त्यांना माहीत असतं. हिंदी सगळ्यांना येते. निघण्याआधी त्यांना एकच गोष्ट नीट सांगा : "आम्हाला काही हातात घ्यायचं नाही, काही उचलून दाखवू नका, जिथे आहे तिथेच दाखवा." हे का सांगायचं ते पुढे येईलच.

पिरोटन बेटाचं नावही तुमच्या कानावर येईल. तिथे दीपगृह आहे, तिवरांचं जंगल आहे, प्रवाळही आहेत. पण तिथे बोटीने जावं लागतं, परवानग्या वेगळ्या लागतात आणि तो सगळा प्रवासही भरतीच्या तालावर करावा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने नराराच करावं.

अंगावर काय, पिशवीत काय

पायात जुने, नाडीचे, घट्ट बसणारे बूट हवेत. ते भिजणार आणि चिखलाने भरणार हे गृहीत धरा. चप्पल, सँडल, क्रॉक्स यांचा उपयोग नाही. चिखल त्या ओढून घेतो, आणि अनवाणी पायाला शिंपल्याची कड कापते. बुटात जाड मोजे घाला. पँट लवकर वाळणारी, पोटरीपर्यंत दुमडता येणारी. जीन्स नको, भिजली की जड होते.

उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी पुरेशी आहे. सनस्क्रीन शक्यतो टाळा. त्यातली ऑक्सिबेंझोनसारखी रसायनं प्रवाळांना अपायकारक आहेत, म्हणून हवाई आणि पलाऊने ती असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली. लावायचीच असेल तर झिंक ऑक्साइडची घ्या, आणि तीही फक्त चेहऱ्याला.

पोलराइज्ड काचांचा गॉगल असेल तर आवर्जून न्या. पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि तळ स्वच्छ दिसतो. साध्या डोळ्यांनी जिथे नुसतं आभाळ दिसतं तिथे या काचांमधून खेकडा दिसतो. कॅमेऱ्यालाही असाच फिल्टर मिळतो.

बाकी पाण्याची स्टीलची बाटली, थोडा खाऊ, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, गाडीत कपड्यांचा जोड आणि बूट धुवायला गोड्या पाण्याचा कॅन. पठारावर प्लास्टिकचं काहीही नेऊ नका. वाऱ्याने उडालेलं वेष्टन थेट समुद्रात जातं. स्वच्छतागृहाचं काम नाक्यावरच उरकून घ्या, पुढचे तीन तास सोय नाही.

सात-आठ वर्षांपुढची मुलं मजेत चालतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सगळं अंतर चालायचा हट्ट धरू नये. किनाऱ्याजवळच्या खळग्यांतही पाहण्यासारखं बरंच असतं.

प्रत्यक्ष चालताना

ओहोटी नऊची आहे असं धरू. सातला नाक्यावर पोचा. साडेसातला चालायला लागा, पाणी तेव्हा ओसरत असतं आणि तुम्ही त्याच्या मागोमाग जात राहता. साडेआठच्या सुमारास प्रवाळांच्या पट्ट्यात. सव्वानऊला, म्हणजे पाणी फिरल्यावर पंधरा मिनिटांत, परतीची वाट धरा. साडेदहाच्या आत किनाऱ्यावर.

सुरुवातीला तिवरांची झुडपं लागतात. चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं तुडवू नका. याच चिखलात निवट्या मासे उड्या मारताना दिसतील. मग शेवाळाने भरलेला सपाट भाग, आणि त्यापुढे खडक व खळगे सुरू होतात. प्रवाळांची खरी वस्ती तिथे आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशा होऊ शकते. चित्रांतले निळे-जांभळे फांद्यांचे प्रवाळ इथे नाहीत. कच्छच्या आखाताचं पाणी गढूळ, जास्त खारट. हिवाळ्यात चांगलंच गार पडणारं, उन्हाळ्यात तापणारं. अंदमानात प्रवाळांच्या चारशेहून अधिक जाती आहेत, इथे कठीण प्रवाळांच्या पन्नासच्या आसपास. फांद्यांचा ॲक्रोपोरा इथून नाहीसा झालेला होता. मिठापूरला तो पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न झाले आहेत. जे उरले ते गोलसर, बसके, तपकिरी-हिरवट आणि विलक्षण चिवट. मला नराराचे प्रवाळ आवडतात ते यासाठीच. जिथे प्रवाळ जगू नयेत असं पुस्तकातल्या अटी वाचून वाटावं, तिथे ते जगून दाखवतात.

एखाद्या खळग्यापाशी उकिडवे बसा. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला बसा आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हलू नका. समोर वीतभर रुंदीचा गोळा असेल. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांची नक्षी. प्रत्येक कप्पा म्हणजे एक स्वतंत्र प्राणी, पॉलिप. आत मिटून बसलेला. कप्प्यांच्या कडा तपकिरी आणि मधला भाग हिरवा चमकतो. या रंगाचं बरंचसं श्रेय पॉलिपच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला आहे. ते शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो, आणि त्या बळावर प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम घेऊन चुनखडीचं घर बांधतो. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. तसा पांढरा प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवलं तर तो सावरू शकतो, आणि म्हणूनच त्यालाही धक्का लावायचा नाही.

शेजारीच बोटभर लांब देठांवर फुलं उमललेली दिसली तर तो गोनिओपोरा. कठीण प्रवाळांतला हा दिवसाही फुललेला असतो. पाण्यात नुसती हालचाल झाली तरी ती सगळी फुलं एका दमात आत जातात आणि समोर उरतो करडा दगड. पुन्हा बाहेर यायला त्यांना वेळ लागतो, म्हणून पाण्यात बोट फिरवू नका.

नजर स्थिरावली की बाकीची वस्ती दिसायला लागते. वाळूत पसरलेलं ताटाएवढं समुद्रफूल. समुद्रकाकडी, जी वाळू गिळून त्यातलं सेंद्रिय खाते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. दगडाखालून हात बाहेर काढून बसलेले सडपातळ ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशांचे नातलग. केसाळ खेकडे, पाण्यात पोहणारे खेकडे, चिमटे उगारून आडवे पळणारे खेकडे. फीत लहरावी तसे जाणारे चपटे कृमी. ऑक्टोपस शोधायचा तर त्याचं बीळ शोधा. बिळाच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचे आणि शिंपल्यांचे ताजे तुकडे पडलेले असतात. तो बाहेर आला तर खडकाचा रंग आणि खडबडीतपणा क्षणात अंगावर घेतो. पुन्हा शोधायला त्याचा डोळा तेवढा मदतीला असतो.

वर मान करून बघायलाही विसरू नका. पाण्याच्या कडेने समुद्रबगळे, कुरल, कालवफोडे असतात, आणि नशीब असेल तर काळी-पांढरी, जाड चोचीची खेकडेखाऊ पाणटिवळी. मुंबईच्या खाड्यांत रोहित पाहणाऱ्या माणसाला ते इथेही लांबवर दिसतील.

पाऊल कुठे आणि हात कुठे

एकामागोमाग एक, गाइडच्या पावलावर पाऊल टाकत चाला. दहा माणसं पसरून चालली तर दहा वाटा तुडवल्या जातात. ओळीने गेली तर एक. पाय वाळूवर किंवा उघड्या, झिजलेल्या खडकावर टाका. गोलसर, एकसारखी नक्षी असलेलं, ओलसर चमकणारं काहीही दिसलं की ते जिवंत आहे असं समजून वळसा घ्या. शेवाळाने झाकलेल्या दगडावर खाली प्रवाळ असू शकतो, म्हणून शंका असेल तिथे विचारा. असे गोळे वर्षाला काही मिलिमीटर वाढतात. वीतभर गोळ्याला कित्येक वर्षं लागलेली असतात आणि टाच आपटून त्याचा कपचा उडायला एक क्षण पुरतो.

काठी घेतली असेल तर ती चिखलात तोल सांभाळायला. खळग्यात खुपसायला नाही.

आता हाताबद्दल. उत्साही पर्यटक मागणी करतात आणि काही गाइड ती पुरवतात : केंड मासा हातात धरून तो फुगवून दाखवायचा. केंड फुगतो तो जिवाच्या भीतीने. पाण्याबाहेर धरला तर तो हवा गिळून फुगतो, आणि ती हवा नंतर त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. समुद्रकाकडीला दाबलं की ती घाबरून पोटातले अवयव बाहेर फेकते. ऑक्टोपसला बिळातून ओढून काढलं की तो शाई सोडतो, दमतो, आणि वर घिरट्या घालणाऱ्या बगळ्यांना आयता सापडतो. हे सगळं फोटोपुरतं. मागणी थांबली तर हे दाखवणंही थांबेल, म्हणून सुरुवातीलाच गाइडला सांगून ठेवायचं. गाइडने दगड उलटला तर तो पूर्वी होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायला लावा. दगडाची खालची बाजू ओलसर आणि अंधारी असते; तिथले जीव उघड्यावर राहिले तर तासाभरात मरतात.

काहीही घरी आणू नका. शंख-शिंपले गोळा करायची आपली सवय जुनी आहे, पण रिकामा शंख उद्या एखाद्या शंखखेकड्याचं घर असतो. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे, वाघाला आहे तेच. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकणं हाही गुन्हा आहे.

पाणी फिरल्यावर

नरारामधली खरी जोखीम प्राण्यांपासून नाही, परतणाऱ्या पाण्यापासून आहे. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा दर्यावर्दींचा ठोकताळा आहे. पाच मीटरच्या उधाणात पहिल्या तासात पाणी जेमतेम चाळीस सेंटीमीटर चढतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात तेच पाणी सव्वा मीटर चढतं. शिवाय जमीन सपाट असल्यामुळे पाणी समोरून लाट होऊन येत नाही. ते आधी खोलगट चरांतून शिरतं, आणि हे चर बऱ्याचदा तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये असतात. समोर कोरडं दिसत असताना मागची वाट भरलेली असू शकते. गाइड चला म्हणाला की शेवटचा फोटो राहू द्या.

पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत पुरून बसते. गढूळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकण्याऐवजी तळाला घासत पुढे सरकवा, म्हणजे तिला चाहूल लागते आणि ती निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. प्रवाळाने खरचटलं तर जखम छोटी दिसली तरी दुर्लक्ष करू नका. ती चिघळते आणि भरायला वेळ घेते. स्वच्छ पाणी व साबणाने नीट धुवा, जंतुनाशक लावा. शंकूच्या आकाराचा सुबक, नक्षीदार शंख दिसला तर त्याला मुळीच हात लावू नका. या गोगलगाईंचा दंश विषारी असतो.

उरलेला दिवस

साडेदहाला मोकळे झालात की बूट तिथेच धुवा, कॅमेरा ओलसर फडक्याने पुसा. खारं पाणी वाळलं की धातू खातं. दुपारी जामनगरला जेवून, थोडं पडून, संध्याकाळी खिजडिया पक्षी अभयारण्य करा. ते शहरापासून अगदी जवळ आहे. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारं, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एकाच फेरीत दिसतात. २०२२ साली ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

गुजरातपर्यंत जाणं जमत नसेल तर आपल्याकडे मालवण आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. तिथे मात्र पाण्यात उतरून, स्नॉर्केलिंग करत बघावं लागतं. नियम उलटा : पाणी जितकं स्वच्छ आणि शांत तितकं उत्तम, म्हणून ऐन उधाणाचे दिवस टाळून डिसेंबर ते फेब्रुवारीतली शांत सकाळ निवडा. बोट प्रवाळांवर नांगर टाकत नाही ना, हे चढण्याआधी विचारा. पाण्यात उभं राहायची वेळ आली तर वाळू बघूनच पाय टेका, आणि माशांना पाव-बिस्किटं टाकणाऱ्या बोटवाल्याला नम्रपणे नको म्हणा.

नराराची तारीख ठरवायला बसलात तर पुढच्या तीन महिन्यांच्या पौर्णिमा-अमावास्या आधी एका कागदावर काढा. त्यानंतरच्या चार-चार दिवसांत शनिवार-रविवार कुठे येतो ते बघा, त्या दिवसांचे सिक्क्याचे आकडे तपासा, आणि एक मीटरच्या आतली, सकाळी आठ ते दहामधली ओहोटी सापडली की त्याच संध्याकाळी गाडीचं आरक्षण करून टाका. सौराष्ट्र मेलची तिकिटं लवकर संपतात.